प्रज्ञा, आपलं दोन मिलिमीटरचं भांडण

प्रज्ञा, आपण शिकलो आणि पुढं तू शिकवलंस त्या कॉलेजातल्या शोकसभेत मी तुझ्याबद्दल एक शब्द बोलले नाही. आपल्या सरांनी दोनदा नाव घेतलं, "वैशाली, तू बोल, तू सगळ्यात जवळची." मी मान हलवली आणि बसून राहिले. पुढच्या रांगेत तुझे अण्णा होते, त्यांना वाटलं असेल की हिला रडू आवरंना. रडू येतच होतं, पण गप्प बसायचं कारण वेगळं होतं. जो उठेल तो सांगत होता की प्रज्ञा मॅडम किती सरळ, आकड्यांत कधी हयगय नाही, विद्यार्थ्यांनी एक आकडा इकडचा तिकडं केला तर अख्खं पान परत लिहायला लावायच्या. आणि मी तुझ्याशी एकदा खोटं बोललेली बाई. ते पोटात ठेवून माईकसमोर उभं राहायचं मला जमेना.

तुला जाऊन आज चोवीस दिवस झाले. सेलूच्या माझ्या दवाखान्यात बसून हे लिहायलेय. बाहेर एकच पेशंट होता, त्याला म्हटलं उद्या या. तू असतीस तर तिथंच धरलं असतंस मला, "दुखणाऱ्या माणसाला उद्या ये म्हणतीस?" अगं, नुसती दातांची सफाई होती. दुखत काही नव्हतं त्याचं.

तुझ्याशी भांडण झालं नाही असा दिवस एम.डी.एस.च्या तीन वर्षांत क्वचितच गेला. तू गंगाखेडची, मास्तरांची लेक, एका भाकरीला पाऊण तास लावणारी. मी सेलूची, तोंडाळ, घास चावायच्या आधी बोलणारी. होस्टेलवर पहिल्याच दिवशी खिडकीजवळच्या पलंगावरून आपली जुंपली आणि तू म्हणालीस, "घे बाई तू खिडकी, पण रोज सकाळी ती उघडायची जबाबदारी तुझी." तीन वर्षं मी खिडकी उघडत राहिले. मी भांडणात जिंकले का हरले, हे तुझ्यापुढं मला कधी लवकर कळलंच नाही.

मग ती साथ आली. ज्यांचं आयुष्य 'तोंड उघडा' म्हणण्यात जायचं, त्यांचंच दुकान सगळ्यात आधी बंद. ड्रिल चालवलं की तुषार उडतात, म्हणून ड्रिल बंद. ओपीडीतल्या सगळ्या खुर्च्यांवर प्लास्टिक घातलं, आणि आपण पी.जी.ची पोरं त्या हॉलमधून चालताना उगंच हळू बोलायचो. आपल्याला घशातले नमुने घ्यायला तंबूत पाठवलं. परभणीचा मे महिना, अंगावर तो प्लास्टिकचा झगा, आणि समोर ही लांब रांग. दुसऱ्याच दिवशी मला चक्कर आली. तू मला सावलीत नेऊन बसवलंस, परत गेलीस, आणि तुझ्या रांगेनंतर माझी रांगही संपवलीस. संध्याकाळी झगा काढलास तेव्हा तुझ्या बुटातून घामाचं पाणी निघालं. मी त्यावर हसले होते. धन्यवाद म्हणायचं राहिलं. आज म्हणते, आणि आज काय उपयोग असं म्हणू नकोस.

संशोधनाची तर पार वाट लागली होती. आपल्या बॅचच्या एकाला उपटलेले दात लागायचे प्रयोगाला. त्याची बरणी अर्धीच भरलेली, आणि दात काढायला येणार कोण? तो रोज बरणी उन्हात धरून बघायचा, जणू बघितल्यानं दात वाढणार होते. सेमिनार मोबाईलवर सुरू झाले. सर शिकवायचे, मधेच कुणाच्या तरी घरची शेळी ओरडायची, आणि सर अगदी गंभीरपणे म्हणायचे, "ज्यांच्याकडे शेळी आहे त्यांनी कृपया आवाज बंद करावा."

आणि मग गूगल फॉर्मची साथ आली. पेशंट नाहीत ना, मग प्रश्नावली पाठवा. दंतवैद्यांची भीती, दंतवैद्यांची झोप, दंतवैद्यांचा मास्क. सगळे एकमेकांचे फॉर्म भरायचे, "तू माझा भर, मी तुझा भरते." मी एका दिवसात अकरा फॉर्म भरल्याचं आठवतं. सर आपल्यालाही म्हणाले, विषय बदला, फॉर्म काढा, वेळेत संपवा. मी हो म्हणायला तोंड उघडलं होतं. तू म्हणालीस, "सर, आपले पेशंट घरी हायत म्हणून त्यांची तोंडं काय बरी झालीत का?"

आपले पेशंट म्हणजे गुटखा आणि सुपारीवाले तीसेक जण. गालाच्या आतली कातडी ताठ होत जाते, तोंड उघडायचं कमी कमी होतं, शेवटी भाकरीचा घाससुद्धा जाईनासा होतो. अर्धे तुझ्याकडं औषधावर, अर्धे माझ्याकडं व्यायामावर. दर महिन्याला वरच्या आणि खालच्या दातांमधलं अंतर मोजायचं, एवढाच आपला संशोधनाचा जीव. ते मोजणार कसं, सगळे गावोगावी अडकलेले. तेव्हा तू ती कागदी पट्टी शोधून काढलीस. जाड कागदावर मिलिमीटरची पट्टी छापायची, गावोगावच्या आशाताईंच्या हातून पोचवायची, आणि माणसानं आरशासमोर उभं राहून स्वतःचं तोंड स्वतः मोजायचं. आपण फोनवर आकडा विचारायचा. सरांना पटलं. इतर विभागांनीही तुझी युक्ती उचलली, कुणी हिरड्यांचे फोटो मागवायला लागलं, कुणी फोनवरून ब्रश कसा धरायचा ते शिकवायला लागलं. बंद पडलेलं कॉलेज फोनवर पुन्हा सुरू झालं, ते तुझ्यामुळं. शोकसभेत हे कुणीच सांगितलं नाही गं. मी सांगायला पाहिजे होतं.

पट्ट्या छापायचं काम माझ्याकडं होतं.

महिन्याभरानं फोन सुरू केले, आणि काय सांगू, सगळ्यांची तोंडं वाढलेली. सव्वीसची अठ्ठावीस, अठ्ठावीसची तीस. लोक खूष, आपण खूष. "मॅडम, दोननं वाढलं की," असं एकेकजण ओरडून सांगायचा. सोनपेठचे रंगनाथ भाऊ, शिलाईचं दुकान असलेले, माझ्या यादीतले. त्यांनी पट्टी हातात पडली त्या दिवसापासून गुटख्याला हात लावला नव्हता. दुकान बंद म्हणून घरी मास्क शिवायचे आणि शिवताना बुकरमच्या, म्हणजे कॉलरमध्ये घालायच्या ताठ कापडाच्या, घड्या दातात धरून व्यायाम करायचे. चोवीसपासून सुरू केलं होतं, तीन महिन्यांत अठ्ठावीसवर आले. मी होस्टेलमध्ये नाचले होते त्या दिवशी.

आणि तू नाचली नाहीस. तुझ्या यादीतल्या एकानं तुला सरळ सांगितलं होतं की मॅडम, मी गोळ्या घेत नाही, पुडी चालूच हाय. त्याचंही तोंड दोननं वाढलेलं. तू उरलेल्या पट्ट्यांतली एक घेतलीस, ओपीडीत जाऊन स्टीलची मोजपट्टी तिला लावलीस, आणि दुपारी ती दोन्ही माझ्यासमोर टेबलावर ठेवलीस. कागदावरचे शंभर मिलिमीटर खरे चौऱ्याण्णव होते. छापताना मी 'पानात बसवा' वर बोट दाबलं होतं. मशीननं अख्खी पट्टी इमानदारीनं आक्रसून पानात बसवली होती. त्या आखूड पट्टीवर सव्वीसचं तोंडही अठ्ठावीस भरत होतं. दंतवैद्य होऊन, मिलिमीटरवर पोट भरणारी बाई मी, छापून आल्यावर एकदा पट्टी लावून बघू नये?

मी काय काय बोलले तुला त्या दिवशी. म्हणाले, गणित करून आकडे दुरुस्त करू, कुणाला कळणार आहे. तू म्हणालीस, कागद ओला झाला असंल, वाकला असंल, कुणी कुठं धरला असंल, आता कशाचं गणित? हे आकडे टाकून द्यायचे. मी म्हणाले, तुला काय जातंय, माझे तीन महिने गेले. तू म्हणालीस, "मव्हे बी गेलेच की." त्यावर मी आणखी मोठ्यानं ओरडले. त्या मोकळ्या हॉलमध्ये माझाच आवाज मला परत ऐकू येत होता.

पण खरं भांडण ते नव्हतंच. तू म्हणालीस की आकडे तर टाकायचेच, पण आता प्रत्येकाला फोन करून सांगायचं की पट्टी चुकली, तुमचं तोंड तेवढं वाढलेलं नाही. हे ऐकून मी हातच जोडले. "अगं, त्या आकड्याच्या जोरावर त्यांनी पुडी सोडलीय. आकडा काढून घेतलास तर परत खातील."

"खातील तर खातील. खोटं सांगून किती दिवस सोडायला लावणार?"

"तुला माणसं कळत न्हाईत, प्रज्ञा."

"तुला त्यांच्यावर भरवसा न्हाई, वैशे. तुला वाटतं त्यांना खरं झेपणार न्हाई."

अकरा दिवस आपण बोललो नाही. तंबूत शेजारीशेजारी उभ्या, झगा, चष्मा, दोन दोन मास्क. तसंही काही ऐकू येत नव्हतं, म्हणून अबोला कुणाच्या लक्षात आला नाही. बाराव्या दिवशी तू यादीचे दोन भाग करून माझा भाग माझ्या पलंगावर ठेवलास. वर एक चिक्कू. मी चिक्कू खाल्ला आणि फोन करायला बसले.

बहुतेकांनी हसून सोडून दिलं. एक मावशी म्हणाल्या, "आसू द्या, मला घास जायलाय, मला एवढंच कळतं." मला जरा धीर आला. आणि मग माझ्या यादीतला एक ट्रॅक्टरवाला. तो म्हणाला, "म्हंजी मी उगंच सोडली," आणि फोन ठेवून दिला. आठवडाभरात त्याचा भाऊ म्हणाला, परत सुरू केलीय. मी तुझ्याकडं आले आणि म्हणाले, बघ, झालं समाधान?  त्यानंतर दर सोमवारी तू त्या माणसाला फोन करत राहिलीस, तो तुझ्या यादीत नसताना. तो परत थांबला का, हे मी तुला कधी विचारलं नाही. हट्ट, दुसरं काय.

यादीत माझ्याकडं एकच नाव राहिलं होतं, रंगनाथ भाऊंचं. सगळ्यात खूष माणूस. माझ्या हिशेबानं त्यांच्या चारातले दोन खोटे होते. नंबर काढायचे, ट्रॅक्टरवाल्याचा तो 'उगंच' आठवायचा, आणि फोन खाली ठेवायचे. चार दिवसांनी तू विचारलंस, "झाले का सगळे?" मी म्हणाले, "झाले. सोनपेठचा तेवढा लागत न्हाई."

लागत होता गं. मी लावलाच नव्हता.

पुढं ओपीडी उघडली, पेशंट आले, आपण पहिल्यापासून मोजलं. सोनपेठहून रंगनाथ भाऊ आले नाहीत आणि मीही बोलावलं नाही. प्रबंधात त्यांच्या नावासमोर लिहिलं, 'पाठपुराव्यास उपलब्ध नाही'. तू वाचलंस, मान डोलावलीस. तुझा माझ्यावर भरवसा होता.

त्याच प्रबंधात तू मला एक पान लिहायला लावलंस, आमची पट्टी कशी चुकली आणि किती आकडे टाकले याचं. तेच पान तुझ्याही प्रबंधात होतं. परीक्षेत बाहेरून आलेल्या बाईंनी बाकीची पानं भराभर उलटली आणि त्या एका पानावर थांबल्या.  त्यांनी विचारलं, "हे लिहायलाच पाहिजे असं कुणी सांगितलं?" मी म्हणाले, "मैत्रिणीनं." त्या म्हणाल्या, "जपा तिला." पास झाले. बाहेर येऊन तुला सांगितलं तर तू म्हणालीस, "मग आज जप, चहा पाज." आज दवाखान्यात कुणाचा दात वाचत नसला की मी पहिल्यांदा पेशंटलाच तसं सांगते, सवय लागलीय. माझ्याकडं लोक विश्वासानं येतात ते त्या सवयीमुळं, आणि ती सवय तुझी आहे. एवढं मोठं देणं देऊन तू कधी बोलूनसुद्धा दाखवलं नाहीस.

तू आजारी असताना मी तीनदा आले. तिन्ही वेळा ठरवून आले होते की सांगायचं. पहिल्यांदा अण्णा खोलीत होते. दुसऱ्यांदा तुला झोप लागली. तिसऱ्यांदा तू जागी होतीस, एकटी होतीस, आणि तूच म्हणालीस, "काहीतरी भांड की गं, सगळे गोड बोलायलेत, वीट आला." मी होस्टेलच्या त्या खिडकीजवळच्या पलंगावरून भांडले तुझ्याशी. तू हसलीस. तुला हसताना बघून मी ते परत पोटात ढकललं. त्या दिवशी मी रंगनाथ भाऊंच्या वेळचीच चूक केली, तुला खरं झेपणार नाही असं धरून बसले.

मागच्या आठवड्यात पाथरीमार्गे एस.टी.नं सोनपेठला गेले. आठवडी बाजार होता. रंगनाथ भाऊंचं दुकान विचारत विचारत सापडलं. ते मशीनवर होते, मला बघून उठले, आणि बोलायला लागले तेव्हा मी आधी तोंडाकडंच बघितलं. दातांवर डाग नव्हता. मी बसले आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. पट्टी खोटी होती, छापताना माझी चूक झाली, सगळ्यांना फोन केले, तुम्हाला केला नाही, तुम्ही परत खायला लागाल अशी भीती वाटली.

त्यांनी मशीनवरचं कापड बाजूला केलं. मग म्हणाले, "मॅडम, पट्टी आखूड हाय हे मला पयल्याच दिवशी कळालं."

मी हातातली पिशवी खाली ठेवली.

"आवं, मी शिंपी हाय. पट्टी हातात आली की आधी टेप लावून बगतो. शंभराला सहा कमी भरली. मग मी मव्ह्या टेपनंच मोजलं. तुमाला सांगितलेला एकूणेक आकडा टेपचा हाय." त्यांनी मापाची जुनी वही काढली. कुणाची छाती, कुणाची बाही, आणि मधे एका पानावर स्वतःचं नाव, खाली 'तोंड', आणि महिन्यांपुढं आकडे. चोवीस, पंचवीस, सव्वीस, अठ्ठावीस. "पयल्या महिन्याला तुमी रागावला बी होता मला. म्हनला, समद्यांचं दोननं वाढलं, तुमचं एकच कसं, व्यायाम करायला न्हाईत का."

रागावले होते, प्रज्ञा. ज्या एका माणसानं खरं मोजलं त्याला मी रागावले होते.

"मग सांगितलं का न्हाई, भाऊ?"

"तुमी एवढ्या हौसेनं पाठवली. तुमची पट्टी खोटी हाय असं कसं म्हनावं? आन मला वाटलं, कळंल तुमालाच, मग फोन येईल तवा बोलू. फोनच आला न्हाई. वाटलं, संपलं आसंल काम."

पिशवीतून स्टीलची मोजपट्टी काढली आणि दारातल्या उजेडात त्यांचं तोंड मोजलं. बत्तीस भरलं. बाजाराला आलेल्या दोन बायका थांबून बघायला लागल्या. एक फोन केला असता तर तेव्हाच कळलं असतं, आपल्या दोघींनाही. तीसेक माणसांतल्या एकाचा तरी आकडा तुला टाकून द्यावा लागला नसता. आणि मुख्य म्हणजे तुझं म्हणणं खरं ठरलं हे तुला कळलं असतं. त्यांना झेपणार नाही असं मला वाटत होतं, आणि त्यांना तर माझ्या आधीपासून माहीत होतं.

त्यांनी विचारलं, "त्या दुसऱ्या मॅडम हायत का कॉलेजात? पट्टीची आयडिया त्यांची होती म्हनला होता तुमी. त्यांला सांगा, आमचा आकडा खरा हाय."

माझ्या तोंडाशी 'सांगते' आलंच होतं. तेवढ्यावर निघता आलं असतं. पण तुझा आवाज कानात होता, म्हणून खरं ते सांगितलं. म्हणाले, "भाऊ, त्या गेल्या. वीस दिवस होत आलेत."

त्यांनी वही मिटली. गळ्यातला टेप काढून मशीनवर ठेवला.  मग म्हणाले, "तरी बी सांगा."

प्रज्ञा, सोनपेठचा आकडा खरा होता.